चिपच्या आत काय असावं, ते ठरवणाऱ्यांत तू हवीस

चि. छकुलीस,


तुमच्या कॉलेजात यंदा एक मोठी सेमीकंडक्टर कंपनी मुलाखतींना येणार, असं तू सांगितलंस आणि लगेच विचारलंस, "मावशी, तिथं नेमकं काय विचारतात गं?" फोनवर जेवढं सांगितलं त्यानं माझं समाधान झालं नाही. तुझी धास्ती एक, ताईची काळजी दुसरी आणि दाजींचे प्रश्न तिसरेच. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे. पत्र तुझंच आहे, पण मासिकात छापायलाही देते आहे. पैठण, पाचोड, अंबड, गंगापूर इथल्या कितीतरी पोरापोरींना हाच प्रश्न पडलेला असतो आणि सांगायला घरात या क्षेत्रातलं कोणी नसतं.

आधी आपल्या रस्त्याबद्दल. पैठणहून संभाजीनगरला जाताना बिडकीन मागे पडलं की चितेगाव येतं. व्हिडिओकॉनचा कारखाना तिथलाच, म्हणजे आपल्याच पैठण तालुक्यातला. भारतभरच्या घरांत जे रंगीत टीव्ही गेले, त्यांचा पत्ता "औरंगाबाद-पैठण रस्ता" असा होता. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत त्या पगारावर लग्नं झाली, शिक्षणं झाली. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मला त्या काळातली एक गोष्ट कायम बोचत आली आहे. टीव्ही चितेगावात जोडला जायचा, पण त्याचा मेंदू असलेली चिप परदेशातून यायची. ती तशीच का आहे, तिच्यात काय घातलंय, काय गाळलंय, हे विचारायची जागाच आपल्याकडे नव्हती. पाकिटातून काढायची, पाटीवर बसवायची, डाग द्यायचा, पुढे सरकवायचं.

आता बिडकीनला ऑरिक वसाहतीत विजेच्या गाड्यांचे कारखाने येत आहेत. टोयोटा किर्लोस्करनं 2024 साली राज्य सरकारशी करार केला, एथरनं तिथंच जागा निवडली. आजच्या एका मोटारीत हजारभर चिप सहज असतात. म्हणजे आपल्या तालुक्यात पुन्हा एकदा चिप येणार, पाकिटातूनच. तुझ्या पिढीनं त्या पाकिटाच्या पलीकडे जावं, चिपच्या आत काय असावं हे ठरवणाऱ्या खोलीत बसावं, एवढंच मला मनापासून वाटतं. बाकी पत्र त्या खोलीत शिरायचं कसं याबद्दल आहे.

ती खोली दूर नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं 1985 साली बंगळुरूत डिझाइन केंद्र काढलं, तेव्हापासून हा व्यवसाय भारतात रुजला. आज सरकारच्या सांगण्याप्रमाणे जगातले सुमारे 20 टक्के चिप डिझाइन इंजिनिअर भारतात आहेत. बंगळुरू, हैदराबाद, नोएडा ही मोठी ठाणी, आणि पुण्यात एनव्हिडिया, एनएक्सपी, मार्व्हेल यांची केंद्रं. पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये पेंटियमच्या कामाचे प्रमुख होते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या चमूनं 'अजित' नावाचा प्रोसेसर रचला आणि मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत तो 180 नॅनोमीटरच्या तंत्रावर घडवलासुद्धा.

आता मुलाखत. आधी ऑनलाइन परीक्षा होते. त्यात डिजिटल लॉजिक, थोडं सी, थोडं व्हेरिलॉग आणि आकडेमोड असते. मग तांत्रिक फेऱ्या, दोन-तीन किंवा जास्तही. मग मॅनेजर, शेवटी एचआर. तांत्रिक फेरी घेणारा माणूस परीक्षक नसतो, उद्या तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारा इंजिनिअर असतो. मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बरीच वर्षं बसते आहे. समोरच्याला हरवायला कोणी येत नाही. रात्री उशिरा एखादी चूक सापडत नसताना ही पोरगी बरोबर असली तर बरं वाटेल का, एवढंच आम्ही बघतो.

मी हमखास विचारते तो एक प्रश्न सांगते. चिपमध्ये एक भाग डेटा पाठवतो, दुसरा घेतो, आणि दोघांच्या मध्ये साठवणीची जागा असते, तिला फिफो म्हणतात. पाठवणारा घड्याळाच्या दर 100 ठोक्यांत 80 शब्द पाठवतो, ठोक्याला फार तर एक, पण ते त्या शंभरात केव्हाही येतील. घेणारा दर 10 ठोक्यांत 8 शब्द उचलतो. तर मधली जागा किती मोठी हवी? बरीच मुलं पटकन म्हणतात, दोन्हीकडे सरासरी सारखीच, म्हणजे जागेची गरजच नाही. तू तसं म्हणणार नाहीस, कारण तू नाथसागराच्या पायथ्याशी वाढलीस. वरून दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा यांतून वर्षाला सरासरी किती पाणी येतं यावर धरण चालत नाही. वरची सगळी धरणं एकाच वेळी सोडली तर काय, यावर सत्तावीस दरवाजांचं नियोजन होतं. 2006 च्या ऑगस्टात पैठणात पाणी कसं शिरलं होतं ते ताईला विचार. फिफोचंही तेच. एका शंभराच्या शेवटी 80 आणि पुढच्या शंभराच्या सुरुवातीला 80, असे सलग 160 शब्द आले तर? त्या 160 ठोक्यांत घेणारा 128 उचलेल. उरले 32. जागा 32 ची हवी. उत्तर सोपं आहे. सर्वांत वाईट दिवस कोणता, हे शोधायची सवय आहे का, तेवढंच मला बघायचं असतं.

दुसरा प्रश्न सेटअप आणि होल्डचा. हा तर सगळीकडे विचारतात आणि सगळे व्याख्या धाडधाड म्हणतात. घड्याळाच्या ठोक्याआधी डेटा काही काळ स्थिर हवा, तो सेटअप. ठोक्यानंतर काही काळ स्थिर राहायला हवा, तो होल्ड. व्याख्या झाली की मी विचारते, चिप कारखान्यातून तयार होऊन आली आणि मग कळलं की यातलं एक चुकलंय, तर कोणतं चुकलेलं बरं? इथं पाठांतर संपतं. सेटअप चुकला असेल तर घड्याळ हळू करायचं, डेटाला पोचायला जास्त वेळ मिळतो आणि चिप कमी वेगाची म्हणून का होईना, चालते. होल्ड चुकला असेल तर घड्याळ कितीही हळू करा, उपयोग नाही, कारण तिथं शर्यत एकाच ठोक्याशी आहे, दोन ठोक्यांमधल्या अंतराशी नाही. ती चिप गेली. हे ज्या मुलीनं एकदा स्वतः वेव्हफॉर्म काढून पाहिलंय, ती दोन मिनिटांत सांगते. मार्गदर्शकातून वाचलेली मुलगी गडबडते, मग तिचे मार्क कितीही असोत.

म्हणून अभ्यासाचं माझं सांगणं थोडकं आहे. पुस्तकं कमी कर, कागद जास्त वापर. फ्लिप-फ्लॉप, लॅच, स्टेट मशीन, दोन वेगळ्या घड्याळांमधून डेटा नेणं, सीमॉस इन्व्हर्टर, एवढं मुळापासून यायला हवं. बायोडेटात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर अर्धा तास बोलता यायला हवं. मायक्रोकंट्रोलरचा तयार प्रकल्प विकत आणून नाव घातलेलं असेल, तर ती ओळ आजच काढून टाक. पहिल्या तीन प्रश्नांत ते उघड होतं आणि मग खरं लिहिलेल्या ओळींवरही विश्वास राहत नाही. लॅपटॉप साधा असला तरी चालेल. आयकेरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह फुकट मिळतात. त्यावर हा फिफो तू स्वतः लिही, आणि मग तो मोडून दाखव. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं विनामूल्य आहेत. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नायलिटचं केंद्र आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिझाइनचं शिक्षण तिथं फार आधीपासून दिलं जातं. तिथल्या शिक्षकांना जाऊन भेट.

इंग्रजीची धास्ती तुझ्या आवाजात ऐकू आली. मराठी शाळेत शिकलेली पोरं मुलाखतीत गप्प बसतात आणि समोरच्याला वाटतं, येत नाही. अडलीस की बोलणं थांबव आणि आकृती काढ. ठोके काढ, रेघा ओढ, बाण दाखव, आणि त्या आकृतीवर बोट ठेवून तुटक इंग्रजीत सांग. आमच्या क्षेत्रात आकृतीला सगळे मान देतात. तैवानचा, इस्रायलचा, टेक्सासचा इंजिनिअरही तुटक बोलतो आणि फळ्यावरच समजावतो. एखादी गोष्ट येत नसेल तर "माहीत नाही" म्हण आणि लगेच पुढे सांग की माहीत करून घ्यायला तू पहिल्यांदा काय तपासशील. या दुसऱ्या वाक्यावर मी स्वतः कितीतरी जणांना निवडलं आहे.

आता कामाबद्दल, कारण ताईला वाटतं की मुलगी चिप "बनवणार". कॉलेजातून येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण डिझाइनच्या खुर्चीत बसत नाहीत. त्यांना व्हेरिफिकेशन मिळतं, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं डिझाइन तपासायचं. बाकी फिजिकल डिझाइन, टेस्टची रचना, अॅनालॉग लेआउट, चिप हातात आल्यावरची पडताळणी, फर्मवेअर असे विभाग असतात. व्हेरिफिकेशन मिळालं की मुलं हिरमुसतात. मला याचा राग येतो. 1994 साली पेंटियम चिपच्या भागाकारात एक चूक सापडली. भागाकारासाठी चिपमध्ये 1066 नोंदींचा एक तक्ता होता, त्यातल्या पाच नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक अविभाज्य संख्यांवर काम करत होते, त्यांना उत्तरं जुळेनात, म्हणून ती बाहेर आली. इंटेलला त्या पाच रिकाम्या जागांपायी 47 कोटी 50 लाख डॉलरचा भुर्दंड बसला. त्यानंतर तपासणाऱ्यांची किंमत साऱ्या उद्योगाला कळली. आणि तू तर नाथांच्या गावची. हाताने नकलताना ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ताडून पाहिले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. आज आपल्या हाती जी ज्ञानेश्वरी आहे ती त्या तपासणीमुळे आहे. तपासणाऱ्याला दुय्यम समजणं निदान पैठणकरांना शोभत नाही.

रोजचं काम असं असतं. डिझाइन कसं वागायला हवं हे दस्तऐवजात वाचायचं, मग सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये असं वातावरण लिहायचं की जे डिझाइनवर हजारो वेडेवाकडे प्रसंग आणेल. संध्याकाळी सर्व्हरवर रिग्रेशन, म्हणजे सगळ्या चाचण्या पुन्हा एकदा, लावायचं, सकाळी येऊन किती पास, किती फेल ते बघायचं. फेल झालेल्यांत खरी चूक कोणती आणि आपल्याच चाचणीची चूक कोणती, ते वेगळं काढायचं. कव्हरेज किती झालं, म्हणजे डिझाइनचा किती भाग तपासून झाला, याचा हिशोब द्यायचा. टेपआउटची तारीख जवळ आली की शनिवार-रविवार राहत नाहीत. टेपआउट म्हणजे आराखडा कारखान्याकडे पाठवणं. त्यानंतर मास्क बनतात, त्यांचाच खर्च अफाट, आणि चिप हातात यायला काही महिने लागतात. सॉफ्टवेअरसारखं उद्या दुरुस्त करून पाठवू, असं इथं चालत नाही. म्हणून आमच्या बैठकांत लोक हळू बोलतात, खोदून विचारतात, "झालं" या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याला हे आवडतं त्याला हे काम आयुष्यभर पुरतं. ज्याला आठवड्याला नवं काही दिसायला हवं, त्यानं दुसरीकडे जावं, त्यात कमीपणा नाही.

दाजींनी विचारलं होतं की गुजरातला गेलेले चिपचे कारखाने आपल्याकडे आले असते तर पोरीला इथंच नोकरी लागली नसती का. 2022 साली वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा आपल्याकडे किती हळहळ झाली ते मलाही आठवतं. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. पनवेलजवळ तळोज्याच्या चिप प्रकल्पाला 2024 च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं मान्यता दिली, नंतर तीही बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. आज टाटांचा तैवानच्या पीएसएमसीबरोबरचा मोठा कारखाना धोलेऱ्याला उभा राहतो आहे, आसामात जागीरोडला पॅकेजिंगचा, आणि साणंदला मायक्रॉनचा कारखाना आला आहे. अशा कारखान्यात प्रोसेस बघणारे, उपकरणं सांभाळणारे, निर्दोष चिपचं प्रमाण वाढवणारे असे वेगळे इंजिनिअर लागतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, लिथोग्राफीच्या खोलीत पिवळा उजेड, कारण तिथला रसायनाचा लेप निळ्या प्रकाशानं बिघडतो, आणि बहुतेक ठिकाणी बारा तासांच्या पाळ्या. ते काम सन्मानाचं आहे, तुझी तयारी असेल तर जरूर कर.

पण वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, चिप घडवणारा तसा कारखाना मराठवाड्यात यावा का, यावर माझं मत स्पष्ट आहे. घडताना वेफर पुन्हा पुन्हा अतिशुद्ध पाण्यानं धुतला जातो. पाण्याचा खर्च फार मोठा असतो. 2021 च्या दुष्काळात तैवानमध्ये टीएसएमसीनं टँकरनं पाणी आणलं. जायकवाडीचा, म्हणजे आपल्या नाथसागराचा, उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी, तोही भरला तर. वरच्या धरणांतून पाणी सोडावं म्हणून आपण कोर्टात जातो, आणि 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं हे आपण पाहिलंय. पाण्याच्या पुनर्वापराचा पक्का हिशोब आधी मांडला नाही, तर असा कारखाना इथं मागण्याच्या मी विरोधात आहे. डिझाइनला मात्र नाथसागरातलं पाणी लागत नाही. वीज, सर्व्हर आणि शिकलेली माणसं लागतात. संभाजीनगरात डिझाइनची केंद्रं यावीत ही मागणी आपल्या लोकांनी आवाज चढवून करायला हवी, आणि ती करताना "आमच्याकडे माणसं आहेत" हे सांगता यावं म्हणून तुम्ही पोरींनी तयार व्हायला हवं.

ताईची काळजी मला समजते. एकटी मुलगी, लांबचं शहर. तिला सांग, डिझाइनच्या कामात सहसा रात्रपाळी नसते, पण अमेरिकेशी बोलणं रात्री नऊला असू शकतं, ते बरेचदा घरूनच होतं. नोकरी कायमची आहे असं मात्र मी सांगणार नाही. हा धंदा चढउताराचा आहे. इंटेलसारख्या कंपनीनं 2024 साली पंधरा हजारांहून जास्त माणसं कमी करणार असं जाहीर केलं. तेव्हा पहिल्या पगारातून थोडं बाजूला टाक आणि कर्ज काढून गाडी-फ्लॅटच्या मागे लागू नकोस. कंपनी बदलते, पण सेटअप आणि होल्ड बदलत नाहीत. ज्याला ते मुळापासून येतं, त्याला बरेचदा दुसरं दार सापडतं.

आणि या कंपनीत तुझी निवड झाली नाही, तर ते तुझ्या बुद्धीचं माप धरू नकोस. जागा दहा आणि मुलं दोनशे असतात. कित्येकदा मला आवडलेली मुलं केवळ जागा नाही म्हणून परत पाठवावी लागली आहेत. काय विचारलं ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेव आणि जे आलं नाही ते आठवड्याच्या आत शिक. पुढच्या मुलाखतीत त्यातलं निम्मं पुन्हा येतं.

एक गोष्ट मात्र आईबाबांना बसवून सांग. संभाजीनगरात आणि पुण्यात व्हीएलएसआयचे, म्हणजे चिप डिझाइनचे, क्लास फुटलेत. काही खरंच चांगलं शिकवतात. पण "शंभर टक्के नोकरी" असं लिहून लाख-दोन लाख मागणारेही आहेत, आणि नोकरी देतो म्हणून आधी अनामत भरायला लावणारेही. कोणतीही नावाजलेली कंपनी मुलाखतीसाठी किंवा नोकरीसाठी उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. दाजींनी शेत गहाण ठेवण्याचा विषयसुद्धा काढू नये. कुठंही पैसे भरण्याआधी, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी, वेळ कोणतीही असो, मला फोन कर.

तुझी,
मावशी